एक दिवसाचं पिल्लू ते पहिलं अंडं: नाशिकमध्ये दोन विक्रेत्यांची पिल्लं वाढवल्यानंतर

मागच्या नोव्हेंबरात आम्ही दोन ठिकाणांहून एकेक दिवसाची पिल्लं आणली. आता आखाड सरला, नर विकून झाले, माद्या अंड्यावर आल्यात, म्हणून आता लिहायला बसले. पिल्लं घरी आली त्या संध्याकाळी "एकदम ॲक्टिव्ह आहेत, पाच स्टार" असं लिहिणारे पुष्कळ असतात. त्या अभिप्रायाचा काही उपयोग नाही. अंड्यातून बाहेर पडताना पिल्लाच्या पोटात बलक असतो, त्याच्यावर ते दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवायही तगतं. म्हणजे पहिल्या दिवशी आजारी कळपातलं पिल्लूही टुणटुणीत दिसू शकतं. विक्रेता कसा आहे ते चौथ्या दिवसापासून कळायला लागतं, आणि पूर्ण कळायला तीन-चार महिने जातात.

आमचा मळा मखमलाबादच्या पुढे. जुना गोठा रिकामाच होता, त्यात दोन खोल्या काढल्या. पहिली पन्नास पिल्लं दिंडोरी रोडच्या एका पैदासकाराकडून घेतली, दुसरी पन्नास फोनवरून एका एजंटकडून. नावं कोणाचीच देत नाही. खरं तर शंभर एकाच ठिकाणाहून घ्यायची होती. पण दिंडोरी रोडच्या काकांनी विचारलं, "ताई, या आधी ब्रूडिंग (पिल्लांना कृत्रिम ऊब देऊन वाढवणं) केलंय का?" नाही म्हटल्यावर, "मग थंडीत पन्नासच न्या. ती जगवा, उरलेली संक्रांतीनंतर देतो." माल कमी विकणारा माणूस मला तरी पहिल्यांदाच भेटला. आमच्या ह्यांना मात्र थांबवेना, म्हणून एजंट.

काकांकडचा व्यवहार कसा होता ते जरा सविस्तर सांगते, कारण पैदासकार निवडताना काय बघायचं ते मला तिथेच कळलं. त्यांनी शेडमध्ये आम्हाला पाऊल टाकू दिलं नाही. दारात चुना पसरलेला, शेजारी जंतुनाशकाची पाटी, त्यांची स्वतःची आतली चप्पल वेगळी. मोठे कोंबडे-कोंबड्या बाहेरून जाळीतून दाखवल्या. काही लोकांना याचा राग येतो, "लपवण्यासारखं काय आहे?" म्हणतात. उलट आहे. दहा गावच्या चपला शेडमध्ये फिरू देणाऱ्याकडूनच पिल्लं घेऊ नयेत. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच विभागात, नवापूरला सापडला होता. त्या वेळी किती कोंबड्या माराव्या लागल्या ते पोल्ट्रीवाले अजून विसरलेले नाहीत. आत सोडू नये, पण दाखवावं जरूर. जो मूळ कोंबड्या दाखवतच नाही, त्याच्याकडे त्या नसतातच, तो इकडून तिकडून अंडी गोळा करून मशीनला लावतो.

मी विचारलेले प्रश्न साधे होते. आठ-दहा माद्यांमागे एक नर आहे का? नर बदलता का, की त्याच कळपातले वाढवून पुन्हा त्याच कळपावर सोडता? (ते दर वर्षी हरसूल-पेठकडच्या पाड्यांवरून नर आणतात.) मशीनला लावण्याआधी अंडी किती दिवस साठवता? आठवड्याच्या आत, म्हणाले. पहिल्यांदाच अंड्यावर आलेल्या तलंगांची अंडी वापरता का? नाही, कारण अंडं लहान तर पिल्लूही लहान. पिल्लाचं वजन अंड्याच्या साधारण दोन-तृतीयांश भरतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूळ कोंबड्यांची पांढऱ्या हगवणीसाठी रक्ततपासणी होते का? हा रोग आईच्या अंड्यातूनच पिल्लात उतरतो. तुम्ही घरी कितीही स्वच्छता ठेवा, पिल्लू तो घेऊनच आलेलं असतं. तपासणी अवघड नाही, काचेवर रक्ताच्या थेंबात रंगीत अँटिजेन (तपासणीचं तयार द्रावण) मिसळायचं, गुठळ्या दिसल्या की ती कोंबडी बाद. काकांनी वही काढून तारखा दाखवल्या. एजंटला हाच प्रश्न फोनवर विचारला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, आपल्याकडे सगळं व्हॅक्सिनेटेड असतं." पांढऱ्या हगवणीवर तो कोणती लस देतो ते विचारायच्या आत फोन कट झाला.

पिल्लं देताना काकांनी खोक्यातून एकेक उचलून दाखवलं. बेंबी बघायची, कोरडी आणि मिटलेली हवी. काळा खपला किंवा दोरा लटकत असेल तर ते पिल्लू बाजूला. टाचा बघायच्या, लाल असतील तर कवच फोडताना त्याची दमछाक झालेली असते. उताणं ठेवलं तर दोन-तीन सेकंदांत उलटायला हवं. दोन पिल्लं त्यांनी स्वतःच बाजूला काढली आणि पन्नासावर आणखी दोन जास्तीची घातली. मरेक्सची, म्हणजे पाय लुळे पाडणाऱ्या रोगाची, लस मानेच्या कातडीखाली टोचलेली होती, तिची तारीख बिलावर लिहून दिली. ही लस पहिल्याच दिवशी द्यायची असते, नंतर घरी देऊन फारसा उपयोग नाही. छोटे हॅचरीवाले हिलाच फाटा देतात, कारण बाटली मोठी, उघडली की तासा-दीड तासात संपवावी लागते, उरलेली फेकायची.

आता आमच्या बाजूचं. उत्तम पिल्लूसुद्धा पहिल्या आठवड्यात आपल्या हातून मरतं, आणि नाशिकच्या डिसेंबरात तर फारच. निफाडला पारा पाच अंशांपर्यंत आला की द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात. त्याच रात्री पिल्लांना हॉवरखाली (बल्ब लावलेल्या छत्रीखाली) ३५ अंश लागतात. दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी उतरवत न्यायचं. एका पिल्लामागे दोन वॅट धरा, असं सांगतात. आपल्या थंडीत मी तीन धरीन. आणि बल्ब जुना, तारेचाच हवा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. हे पिवळे बल्ब आता सहज मिळत नाहीत, मेन रोडवर बरंच फिरल्यावर एका जुन्या दुकानात मिळाले. दोन-चार जास्तीचे घेऊन ठेवा.

थर्मामीटर लावला होता, पण पिल्लंच जास्त खरं सांगतात. बल्बखाली गठ्ठा करून कलकलाट करत असतील तर थंडी वाजतेय. चिक गार्डच्या, म्हणजे पिल्लांभोवतीच्या कुंपणाच्या, पत्र्याला चिकटून चोच उघडून बसली तर उकडतंय. एकाच बाजूला गोळा झाली तर कुठून तरी वाऱ्याची झुळूक येतेय. सगळीकडे पसरून, बारीक कुजबुजल्यासारखा आवाज करत चरत असतील तर जाऊन झोपा. पत्रा गोल लावायचा, कोपरा ठेवायचाच नाही, नाहीतर तिथे एकमेकांवर चढून खालची गुदमरतात. वीज गेली की कोळशाची शेगडी ठेवायचा सल्ला सगळे देतात. ठेवा, पण वरची खिडकी उघडी ठेवून, कारण बंद खोलीतला कोळशाचा धूर पिल्लांनाही मारतो आणि माणसालाही. आम्ही गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या, तेवढ्याने भागलं.

खाली भाताचं तूस, घोटीच्या गिरणीतून आणलेलं. पहिले दोन दिवस त्यावर वर्तमानपत्र, नाहीतर पिल्लं तूसच खातात. आल्या आल्या आधी कोमट गूळपाणी, मग दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा, दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवून दाखवायची. एकाला समजलं की बाकीची बघून शिकतात, पण दोन-तीन ढ असतातच. लेअरचं (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) खाद्य पिल्लांना चुकूनही देऊ नका, त्यातल्या कॅल्शियमने मूत्रपिंडं जातात. आणि मका नाकाला लावून घ्या, कुबट वास आला तर परत करा.

एवढं सगळं दोन्ही खोल्यांत सारखंच केलं. तोच बल्ब, तेच खाद्य, तेच पाणी. तरी चौथ्या-पाचव्या दिवशी एजंटच्या खोलीत पिल्लं पंख पाडून एका जागी उभी राहायला लागली. मागे गुदद्वाराशी पांढरी विष्ठा चुन्यासारखी घट्ट चिकटलेली. कोमट पाण्यात कापूस बुडवून एकेकाची भिजवून सोडवावी लागते, ओढून काढली तर कातडी येते. सासूबाई एक पिल्लू मांडीवर घेऊन हे करत होत्या आणि ते त्यांच्या हातातच मान टाकून गेलं. डॉक्टरांनी मेलेली दोन पोट फाडून बघितली, आत न जिरलेला बलक, घाण वासाचा. औषधं दिली. पहिल्या आठवड्यात शंभरात दोन-तीन पिल्लं जाणं धरूनच चालावं; त्या खोलीत पन्नासांतली बारा गेली. काकांच्या खोलीत एक गेलं. एजंटला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "तुमच्याकडे थंडी लागली असेल."

काकांना मी थंडीतच रात्री साडेनऊला फोन केला होता, तिसऱ्या आठवड्यात लाल विष्ठा दिसली म्हणून. त्यांनी आधी विचारलं, "भांड्याजवळचं तूस ओलं आहे का?" होतं. रक्ती हगवण ओल्या गादीतूनच वाढते. रात्रीच्या रात्री ओलं तूस काढून कोरडं घातलं, सकाळी डॉक्टरांकडून ॲम्प्रोलियम आणून पाण्यातून दिलं. पिल्लू विकल्यानंतरही फोन उचलणं, आणि उचलून दोष न देता विचारणं, हे मी किमतीत धरते. पिल्लामागे त्यांचा दर एजंटपेक्षा दहा-बारा रुपये जास्त होता. मेलेली पिल्लं, औषध आणि डॉक्टर मिळवल्यावर एजंटची जगलेली पिल्लं आम्हाला महाग पडली.

लसी मात्र तुमच्या तुम्हालाच द्याव्या लागतात, दोन्हीकडे. मानमोडी रोगाची लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात एक थेंब, पिल्लाने डोळा मिटून उघडला की मगच खाली सोडायचं. दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरो रोगाची, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, पुढे सहा-आठ आठवड्यांत देवीची पंखात टोचून, मग आर-टू-बी, ही मानमोडीचीच पुढची लस. नेमका तक्ता आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. पाण्यातून लस देताना नळाचं क्लोरीनचं पाणी चालत नाही, आम्ही विहिरीचं वापरलं आणि लिटरला पाच ग्रॅम दूध पावडर घातली. बाटली शंभर डोसांची मिळाली. उरलेले डोस वाया जातात, म्हणून शेजारच्या मळ्यातल्या वहिनींशी तारीख जुळवून घेतली. लस बर्फातच आणायची. ओझरच्या उन्हात डिकीत ठेवून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एजंटच्या लॉटमधली काही पक्षी लंगडायला लागली. एक पाय पुढे ताणलेला, एक मागे, उठता येत नाही, पण डोळे तरतरीत आणि भूक चांगली. डॉक्टर बघताक्षणी मरेक्स म्हणाले. यावर इलाज नाही. "व्हॅक्सिनेटेड" शब्दाला कागद लागतो, एवढंच सांगते.

आणखी एक. एजंटने "शंभर टक्के गावरान" सांगितलं होतं. पिल्लं बहुतेक एकाच तांबूस-पिवळ्या रंगाची होती, मोठी झाल्यावर सोनाली ही संकरित जात निघाली. गावरान पिल्लांचा खोका उघडला की काळं, पट्टेवालं, भुरं, पिवळं असं सगळं मिसळून दिसतं. सगळी एका साच्यातली दिसली तर विचारा. सोनाली वाईट नाही हो. अंड्यांच्या हिशेबात उलट तीच पुढे, साडेपाच महिन्यांत सुरू झाली. काकांच्या गावरान माद्यांनी त्यानंतर महिनाभर वाट बघायला लावली, आणि त्यातल्या दोघी एवढ्यातच अंडी थांबवून खुडूक (उबवायला) बसल्यात. निव्वळ अंडीच हवी असतील तर ग्रामप्रिया किंवा कावेरी घ्या, गावरानच्या दुपटीहून जास्त अंडी देतात. फक्त ही संकरित वाणं आहेत. त्यांचीच अंडी उबवून काढलेली पिल्लं पुन्हा तशी निघत नाहीत, आणि बाजारात तशी पिल्लं सर्रास "कावेरी" म्हणून विकली जातात. कडकनाथचंही तसंच. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि जो तो कडकनाथ विकायला लागला. त्याचं अंडं काळं नसतं, फिक्कट बदामी असतं, त्यामुळे काळं अंडं दाखवणाऱ्याला नमस्कार करून निघा. "पिल्लं आम्ही देतो, कोंबड्या आम्हीच परत घेतो" म्हणणाऱ्यालाही. २०१९ मध्ये सांगलीकडच्या कडकनाथ घोटाळ्यात हजारो शेतकऱ्यांचे पैसे याच आश्वासनावर बुडाले.

काकांबद्दल तक्रारी नाहीत असं नाही. दुपारी एक ते चार फोन लागत नाही. घरपोच देत नाहीत. नर-मादी वेगळे करून देत नाहीत, त्यामुळे निम्मे नर येणार हे धरूनच चला. आमचे नर आखाडात चांगल्या भावाने गेले म्हणून बरं, श्रावण लागल्यावर कोणी विचारलं नसतं. आणि नंबर लागायला दीड-दोन महिने थांबावं लागतं. ज्यांना उद्याच पिल्लं हवी आहेत त्यांना ते परवडणार नाहीत.

पुढचा लॉट आम्ही त्यांच्याकडेच सांगितलाय, या वेळी शंभर, आणि सप्टेंबरच्या शेवटी. थंडी पडेपर्यंत पिल्लांना पिसं येतील, बल्बही कमी लागतील. एजंटच्या खोलीतलं तूस काढून जाळलं, भिंतींना चुना दिला. तिथे दोन-तीन महिने काहीच ठेवणार नाही.