पावतीवर फक्त ‘रॅम १६ जीबी’ लिहिलं होतं

मला फक्त रॅम वाढवायची होती. तेवढ्याच कामासाठी घरचा कॉम्प्युटर दुकानात घेऊन गेले आणि परत आले ती नवा मदरबोर्ड, वेगळा प्रोसेसर आणि दोन रॅम बसवून. पुढे कळलं की बोर्ड नवा नव्हता, रॅमही नव्या नव्हत्या, आणि जे कारण सांगून हे सगळं माझ्या गळ्यात मारलं तेही खोटं होतं. हे कळेपर्यंत दीड महिना गेला. तेवढ्या काळात आईच्या माहेरच्या जुन्या फोटोंचं जे नुकसान झालं, ते गेलेल्या पैशांपेक्षा जास्त लागलं. म्हणून बारीकसारीक गोष्टींसकट लिहिते आहे.

आधीचं मशीन असं होतं: इंटेलचा सहाव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, एच११० चिपसेटचा (बोर्डाला काय काय चालेल हे ठरवणाऱ्या मुख्य चिपचा) बोर्ड आणि डीडीआर४ ह्या प्रकारची ८ जीबीची एकच रॅम. मी जुने फोटो स्कॅन करून त्यांच्यावरचे डाग, चिरा दुरुस्त करते. एकेक स्कॅन भलामोठा असतो. तीन-चार उघडले की मशीन अडायचं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वापर काठोकाठ दिसायचा आणि खाली ‘२ पैकी १ स्लॉट वापरात’ असं लिहिलेलं असायचं. म्हणजे रॅम बसवायची एक जागा रिकामी होती. त्यात आणखी ८ जीबी बसवली की काम झालं, इतकं मला तेव्हाही कळत होतं.

विक्रेत्याने केस उघडली, आत टॉर्च मारला आणि म्हणाला, “ताई, हा बोर्ड आठच्या वर घेत नाही. नवीन रॅम घ्याल आणि वाया जाईल. बोर्डच बदलून टाका.”

हे सरळ खोटं होतं. एच११० चे बोर्ड दोन स्लॉटमध्ये मिळून ३२ जीबीपर्यंत मेमरी घेतात. बोर्डासोबत आलेल्या पुस्तिकेत ते छापलेलं आहे आणि ती पुस्तिका माझ्याच कपाटात होती. घरी येऊन पाच मिनिटं शोधली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बोर्ड आणि प्रोसेसर बदलायचं एक खरं कारण होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० साठीचा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची सहावी पिढी नाही. त्याने हे सांगितलं असतं तर मी शांतपणे विचार करून ठरवलं असतं. पण ते त्याच्या तोंडून आलंच नाही. त्याला मला काही समजावून सांगायचं नव्हतं, फक्त घाबरवायचं होतं.

मग त्याने दहाव्या पिढीचा आय३ आणि एच४१० चा बोर्ड दाखवला. “पुढे अकराव्या पिढीचा प्रोसेसरसुद्धा टाकता येईल, सॉकेट एकच आहे,” म्हणाला. सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, एकच आहे हे खरं. दोन्ही पिढ्या एलजीए १२०० नावाच्या सॉकेटमध्ये बसतात. पण इंटेलने अकराव्या पिढीचा सपोर्ट एच४७० आणि झेड४९० ह्या चिपसेटना दिला, एच४१० आणि बी४६० ला दिला नाही. त्याआधीही असंच झालं होतं. एलजीए ११५१ सॉकेटमध्ये सहावी-सातवी पिढी एका जातीच्या बोर्डांवर चालते आणि आठवी-नववी दुसऱ्या, पिनांची संख्या मात्र तीच. ‘बसतं’ आणि ‘चालतं’ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या प्रत्येक ‘चालेल ना?’ ला त्याचं उत्तर ‘बसेल’ असं होतं. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

जुना बोर्ड, प्रोसेसर आणि माझी ८ जीबीची रॅम त्याने बदल्यात ठेवून घेतली. ती रॅम डीडीआर४ होती आणि नवा बोर्डही डीडीआर४ चाच. म्हणजे तीच रॅम नव्या बोर्डावर चालली असती. त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. नव्या दोन रॅमवर चकचकीत लाल हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा पत्रा) आणि त्यावर ‘८ जीबी, ३२००’ असं स्टिकर होतं; ३२०० हा रॅमचा वेग. पावतीवर लिहिलं होतं: ‘मदरबोर्ड १ नग, रॅम १६ जीबी १ सेट, प्रोसेसर १ नग’. ना कंपनी, ना मॉडेल, ना अनुक्रमांक. वर ‘ही पावती सांभाळून ठेवा, वॉरंटीला लागेल’ असंही बजावलं.

पहिले आठ-दहा दिवस बरे गेले. मग मशीन मध्येच निळा पडदा दाखवून बंद व्हायला लागलं. कधी दिवसातून दोनदा, कधी चार दिवस काहीच नाही. फोन केला तर म्हणाला, “विंडोज पुन्हा टाका.” ते टाकलं. मग म्हणाला, “घरातल्या विजेचा प्रॉब्लेम असेल.” विंडोजमधली मेमरी तपासणी चालवली, तिने दोष नाही असं सांगितलं, आणि मी त्या निकालावर विश्वास ठेवून गप्प बसले. ती तपासणी वरवरची असते, हे तेव्हा माहीत नव्हतं.

संशय पक्का झाला तो वेगाच्या आकड्यावरून. टास्क मॅनेजर २४०० दाखवत होता. विचारलं तर उत्तर तयार होतं: “हा बोर्ड ३२०० देत नाही ताई, म्हणून कमी दिसतं.” हे अर्धं खरं आहे आणि असं अर्धं खरंच सगळ्यात जास्त फसवतं. एच४१० वर आय३ असेल तर मेमरी २६६६ च्या वर जात नाही. पण मग आकडा २६६६ हवा होता. २४०० का?

ह्याचं उत्तर रॅमवरच्या एका छोट्या चिपमध्ये असतं. तिला एसपीडी म्हणतात आणि रॅमची जन्मपत्रिका तिच्यात लिहिलेली असते. सीपीयू-झेड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या आणि एसपीडीचं पान उघडा. वरच्या कोपऱ्यात स्लॉट निवडता येतो. मी पहिला स्लॉट निवडला. कमाल वेग: डीडीआर४-२४००. निर्मात्याचं नाव: रिकामं. बनवल्याचा आठवडा आणि वर्ष: २०१७ मधलं. दुसरा स्लॉट निवडला, तर चिप वेगळ्याच कंपनीच्या, वर्ष २०१८. एका रॅमवर चिपांचा एकच गट (सिंगल रँक), दुसरीवर दोन (ड्युअल). ‘एक सेट’ म्हणून घेतलेल्या दोन रॅम एकमेकींच्या कोणीच नव्हत्या. कुठून तरी काढलेल्या जुन्या रॅमवर लाल पत्रा चिकटवला होता.

इथे दोन गोष्टींत घाई करू नका, नाहीतर खऱ्या विक्रेत्यावर खोटा आळ येईल. सीपीयू-झेडच्या मेमरीच्या पानावर दिसणारा आकडा छापील वेगाच्या निम्मा असतो. ३२०० ची रॅम तिथे १६०० दिसते. डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा माहिती पाठवणारी मेमरी, म्हणून तसं दिसतं. त्यात फसवणूक नाही. दुसरं, काही अस्सल ३२०० च्या रॅम आधी २१३३ किंवा २४०० वरच चालू होतात आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅममध्ये आधीच नोंदवलेला जास्तीचा वेग, चालू केल्यावर पुढे जातात. पण तसं असेल तर एसपीडीच्या पानावर एक्सएमपीचा वेगळा रकाना ३२०० च्या नोंदीसह दिसतो. माझ्या दोन्ही रॅममध्ये तो रकानाच नव्हता. स्टिकरवरचे ३२०० फक्त स्टिकरवर होते. आणि एसपीडीसुद्धा पुन्हा लिहिता येते, त्यामुळे तिथे सगळं नीट दिसलं तरी चाचणी सोडू नका.

मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून मशीन त्यावरून चालू केलं आणि रात्रभर सोडलं. सकाळी पडदा लाल ओळींनी भरलेला होता. मग एकेक रॅम सुटी तपासली. एक स्वच्छ निघाली. दुसरी पहिल्या स्लॉटमध्ये नापास, दुसऱ्या स्लॉटमध्येही नापास. असं केलं की दोष रॅमचा की बोर्डच्या स्लॉटचा हे कळतं.

त्याच सकाळी माझ्या पोटात गोळा आला, कारण ह्याच मशीनवर मी महिनाभर स्कॅन साठवत होते. फाइल डिस्कवर जाताना रॅममधून जाते. घरगुती मशीनमधली साधी रॅम स्वतःची चूक ओळखत नाही. आतला एखादा बिट उलटला तर तो तसाच डिस्कवर लिहिला जातो आणि कुठलीही सूचना येत नाही. फोल्डर उघडून एकेक फोटो बघत गेले. माझ्या आजीचा विहिरीपाशी उभा असलेला एक फोटो आहे, तिच्या तरुणपणचा एकमेव. वरून खांद्यापर्यंत तो नीट होता. तिथून खाली सगळं चित्र बोटभर बाजूला सरकलेलं आणि हिरवट झालेलं. असे ४१ फोटो निघाले. जुन्या डिस्कवरच्या प्रती नव्या डिस्कवर हलवल्या म्हणून मी आधीच पुसल्या होत्या.

बोर्डाकडे नंतर लक्ष गेलं. माझ्या भाच्याने तो केसमधून काढला आणि खिडकीपाशी धरला. स्क्रूच्या भोकांभोवतीच्या चंदेरी कड्यांवर गोल ओरखडे होते, एकदा नव्हे तर अनेकदा स्क्रू पिळल्यासारखे. सॉकेटच्या कोपऱ्यात वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरवर उष्णता वाहून नेण्यासाठी लावतात तो लेप) होती आणि तिचा रंग आमच्या प्रोसेसरवरच्या पेस्टपेक्षा वेगळा. खोक्यावरचा अनुक्रमांक आणि बोर्डावरचा अनुक्रमांक जुळत नव्हते. बोर्डावरचा क्रमांक निर्मात्याच्या वॉरंटीच्या पानावर टाकला तर वॉरंटी कधीच संपलेली होती. खोकं एका बोर्डाचं, आतला माल दुसराच. प्रोसेसर तेवढा सांगितला तोच निघाला.

पुन्हा गेले. त्याने पावती बघितली आणि म्हणाला, “ह्यात ३२०० कुठे लिहिलंय?” लिहिलेलं नव्हतंच. नवा बोर्ड असंही लिहिलेलं नव्हतं. बरीच बोलाचाली झाल्यावर नापास झालेली रॅम त्याने बदलून दिली. बोर्ड बदलला नाही. जुना बोर्ड ‘विकला गेला’. माझं विंडोज मशीनसोबत आलेलं होतं, त्याचा परवाना त्या जुन्या बोर्डाशी बांधलेला होता, तोही गेला.

तुम्ही घेणार असाल तर घरून निघतानाच स्वतःच्या बोर्डाचं पूर्ण नाव लिहून घ्या. विंडोजमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडलं की ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’ ह्या ओळीत ते मिळतं. त्या नावाने निर्मात्याच्या पानावर कमाल मेमरी, चालणारे प्रोसेसर आणि तपासलेल्या रॅमची यादी असते. नवा बोर्ड घेताना तो डीडीआर४ चा की डीडीआर५ चा हे नावावरून नक्की करा. एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारांत निघाले आहेत आणि दोन्ही रॅमच्या पिना २८८ असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसऱ्यात जात नाही. रॅमवर ‘पीसी४-२५६००’ असं लिहिलेलं असेल तर ती ३२०० ची, ‘पीसी४-१९२००’ असेल तर २४०० ची. बोर्ड पुढ्यात उघडायला लावा, सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण काढून पिना तिरक्या प्रकाशात बघा, एकही वाकलेली नको. ते झाकण परत मागून घ्या, कारण वॉरंटीला जाताना बरेच निर्माते ते मागतात. आणि पैसे देण्याआधी पावतीवर प्रत्येक वस्तूचा पूर्ण पार्ट नंबर, अनुक्रमांक आणि ‘नवीन’ हा शब्द लिहून घ्या. जो लिहायला का-कू करेल त्याच्याकडून घेऊ नका, मग तो कितीही गोड बोलो. मेमरी महागली की जुन्या मालावर नवे पत्रे चढवणाऱ्यांना अधिकच मोकळं रान मिळतं.

बदलून आलेल्या रॅमवरही पार्ट नंबर नव्हता. ती मी मेमटेस्टच्या चार फेऱ्यांतून काढली, एकही चूक नाही, म्हणून वापरते आहे. फोटोंचा मूळ अल्बम मामेबहिणीचा होता आणि स्कॅन झाल्यावर मी तो तिला परत पाठवला होता. आता तिला फोन करून पुन्हा मागवला आहे. आला की आदल्या रात्री आणखी एकदा मेमटेस्ट चालवणार, आणि सकाळी सगळ्यात आधी आजीचा विहिरीपाशचा फोटो स्कॅनरवर ठेवणार.