चित्रातला हत्ती, पडद्यावरचा हत्ती आणि समोरचा हत्ती

लहान मुलाला प्राणी दाखवायला प्राणिसंग्रहालयात न्यावं की व्हिडिओ पुरे? तीन-चार वर्षांच्या मुलाला चित्रातला हत्ती लगेच ओळखता येतो. पण तो केवढा असतो, हे त्याला कसं कळणार? पुस्तकात उंदीर आणि हत्ती एकाच पानावर, जवळपास एकाच मापाचे! प्राणिसंग्रहालयाचा खरा फायदा मला इथेच दिसतो. पाच मीटर उंच जिराफाकडे बघायला मान पार मागे टाकावी लागते, तेव्हा 'उंच' म्हणजे काय ते कळतं. शिवाय शेणाचा वास, चाऱ्याचा कचकच आवाज.

वागणुकीच्या बाबतीत मात्र व्हिडिओ सरस. शिकार, स्थलांतर, घरट्यात पिल्लांना भरवणं हे प्राणिसंग्रहालयात क्वचितच दिसतं. सिंह तर दिवसाचे वीसेक तास झोपून किंवा लोळून काढतो. 'उठत का नाही?' म्हणून मूल हिरमुसतं. पण सिंह बहुतेक वेळ आरामच करतो, हे पडद्यावरच्या सतत धावणाऱ्या सिंहाकडून त्याला कधीच समजलं नसतं.

मूल दोन वर्षांहून लहान असेल, तर पडदा नकोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांत एक वर्षाच्या मुलांना पडदा नको आणि दोन ते चार वर्षांच्यांना दिवसाला एक तासाच्या आतच, असं सांगितलं आहे. या वयाला लांबचा प्रवासही कशाला? दाराशी मुंग्यांची रांग पुरते.

एक गोष्ट मनाला लागते. काही ठिकाणी प्राणी एकाच वाटेवर येरझाऱ्या घालत राहतो. 'तो असा का फिरतोय?' असं मुलानं विचारलं तर विषय बदलू नका. बंदिस्त जागेत त्याला पुरेसं काही करायला नसेल, हे खरं ते सांगा. जिथे प्राण्यांना लपायला आडोसा नाही किंवा त्यांच्याकडून खेळ करून घेतात, तिथे जाऊच नये.

माझं मत विचाराल, तर मुलाला चौथ्या वर्षानंतर प्राणिसंग्रहालयात न्या आणि घरी आल्यावर त्याच प्राण्याचा व्हिडिओ दाखवा. सगळं संग्रहालय पालथं घालू नका, दोन-तीन प्राणी पुरेत. हत्तीपाशी अर्धा तास थांबा. आशियाई हत्तीच्या सोंडेच्या टोकाला बोटासारखा एक भाग असतो, आफ्रिकी हत्तीला दोन. समोरचा हत्ती कुठला, ते मुलालाच शोधू द्या.