आधी निवडणूक की आधी राज्यघटना?

रत्नागिरीत वादविवाद स्पर्धेची तयारी करणाऱ्या भाचीला पेच पडला आहे, की हुकूमशहा गेल्यावर आधी सरकार निवडावे की घटना समिती. वेगात इजिप्त सरस ठरला: फेब्रुवारी 2011 मध्ये हुकूमशहा मुबारक पायउतार झाले, जून 2012 मध्ये मोर्सी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले; पण अधिकारांच्या मर्यादा ठरण्याआधीच सत्ता हाती गेल्याने विरोधक बिथरले आणि जुलै 2013 मध्ये लष्कराने मोर्सींना हटवले. ट्युनिशियात आधी घटना समिती निवडल्याने वेळ बराच गेला, तरी 2014 ची घटना 216 पैकी 200 मतांनी संमत झाली, आणि इतकी सहमती मला वेगापेक्षा मोलाची वाटते. टिकाऊपणात ती घटनाही 2021 मध्ये उणी पडली, राष्ट्राध्यक्षांनी संसद स्थगित केली तेव्हा. अशा वेळी घटनेचा अर्थ लावणारे घटनात्मक न्यायालय स्थापन करणे राहूनच गेले होते. लष्कर राजकारणापासून दूर असेल, तर ट्युनिशियाची वाट घ्यावी. कारभारच कोलमडला असेल, तर लवकर निवडणूक घ्यावी, मात्र सरकारचे अधिकार आधीच बांधून.