ब्रेक-इव्हन शिकवताना: आधी सूत्र की आधी धंदा?

एका सहकारी शिक्षिकेचा प्रश्न होता: सेवा व्यवसायाचं ब्रेक-इव्हन (ना नफा ना तोटा होण्यासाठी किती कामं लागतील) शिकवताना सूत्रापासून सुरुवात करू, की मुलांना कागदावर एखादी सेवा उभी करायला लावू? मी दोन्ही केलंय.

वेळ पाहिला तर सूत्र सरळ जिंकतं. स्थिर खर्च, म्हणजे काम असो-नसो होणारा, भागिले (दर वजा प्रत्येक कामामागचा बदलता खर्च). एका तासात गणितं सुटायला लागतात. धंदा उभा करायला तीन-चार तास जातात, आणि निम्मा वेळ खर्चाच्या यादीवरच जातो.

पण समज? इथे फरक मोठा आहे. समजा सायकल सर्व्हिसिंग: महिन्याचा स्थिर खर्च 12,000, दर 500, प्रत्येक कामामागे बदलता खर्च 200. म्हणजे 40 कामं. मग मुलं हमखास म्हणतात, दर 400 करू, गिऱ्हाईक वाढेल. करा! आता 60 कामं लागतात. दर 20 टक्के उतरला, कामं 50 टक्क्यांनी वाढली. आणि एका माणसाच्या हातून महिन्यात 50च होत असतील तर? वर्ग एकदम शांत होतो. सेवेतला रिकामा गेलेला तास साठवून उद्या विकता येत नाही, हे तिथे कळतं. स्वतःची मजुरी खर्चात धरायचीच राहिली, हेही तिथेच.

तपासायला सूत्र सोपं. धंद्याच्या वहीत प्रत्येकाचे आकडे वेगळे.

परीक्षा तोंडावर असेल तर सूत्र घ्या. मुलांना दर ठरवायला शिकवायचं असेल तर धंदा आधी, सूत्र शेवटच्या तासाला.