वर्क प्रोफाइल : कामाची ॲप्स खरोखर बंद करणारे बटण

अँड्रॉइड फोनमधील वर्क प्रोफाइल ही सुविधा बहुतेकांच्या वाट्याला न मागता येते. नव्या कंपनीत रुजू झाल्यावर आयटी विभाग एक ॲप टाकायला सांगतो, दोन-चार परवानग्यांना होकार द्यावा लागतो आणि थोड्याच वेळात फोनमधील ॲप्सच्या यादीत ‘वैयक्तिक’ आणि ‘काम’ असे दोन कप्पे दिसू लागतात. कंपनीच्या दृष्टीने हा माहितीच्या सुरक्षिततेचा बंदोबस्त असतो आणि वापरणाऱ्यांपैकी बरेच जण त्याकडे वरून लादलेली कटकट म्हणून पाहतात. माझे मत वेगळे आहे. सॉफ्टवेअरची नोकरी आणि नोकरीबाहेरचे आयुष्य यांच्यामध्ये रेघ ओढण्यासाठी जी साधने मी आजवर वापरली, त्यांत हे सर्वांत उपयोगी ठरले. मात्र ते कुठे निरुपयोगी आहे हे आधीच कळलेले बरे, कारण तशी ठिकाणेही कमी नाहीत.

या सुविधेचा पाया 2014 साली अँड्रॉइड 5.0 मध्ये घातला गेला. एकाच फोनमध्ये कामासाठी एक स्वतंत्र विभाग तयार होतो आणि त्यात मेल, चॅट, कॅलेंडर, फाइली यांच्या वेगळ्या प्रती बसतात. तीच ॲप्स वैयक्तिक बाजूलाही असू शकतात, पण दोन्हींचा डेटा एकमेकांत मिसळत नाही. कामाच्या ॲपच्या चिन्हावर कोपऱ्यात छोटीशी ब्रीफकेस दिसते, त्यामुळे कोणता मेल कुठला याचा घोळ होत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची भर पडली ती 2016 मध्ये अँड्रॉइड 7 सोबत, जेव्हा हा सगळा विभाग एका बटणाने बंद करण्याची सोय आली. 2018 च्या अँड्रॉइड 9 मध्ये कामाच्या ॲप्सना यादीत वेगळा कप्पा मिळाला आणि 2020 च्या अँड्रॉइड 11 मध्ये हे बटण ठरलेल्या वेळी आपोआप चालू-बंद करता येऊ लागले.

बटण दाबल्यावर नेमके काय होते, हे पाहण्यासारखे आहे. स्क्रीनच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढायचे, क्विक सेटिंग्जमधील ब्रीफकेसच्या चिन्हाला स्पर्श करायचा, की ‘काम’ कप्प्यातील सगळी ॲप्स करडी पडतात. हा केवळ रंगाचा फरक नसतो. त्या विभागातील ॲप्स चालायचीच थांबतात. मेल येऊन पडत नाहीत, चॅटच्या चिन्हावर न वाचलेल्या संदेशांचा आकडा चढत नाही, कॅलेंडर आठवण करून देत नाही. संदेश तिकडे सर्व्हरवर साठत राहतात, पण फोनला त्यांचा पत्ता नसतो. करड्या चिन्हाला स्पर्श केला तर कामाची ॲप्स पुन्हा सुरू करायची का, असा प्रश्न येतो आणि तिथे नाही म्हणता येते.

हा फरक किती मोठा आहे, हे नोटिफिकेशन नुसते गप्प करून पाहिलेल्यालाच कळेल. चॅटची जवळपास सगळी ॲप्स ‘डू नॉट डिस्टर्ब’ देतात, आयफोनमध्ये 2021 च्या आयओएस 15 पासून ‘फोकस’ आहे आणि दोन्ही आपापल्या परीने चांगली आहेत. पण त्यांत फक्त आवाज थांबतो. दुकानाच्या दारावर ‘बंद’ अशी पाटी लावून आतला दिवा तसाच जळत ठेवावा, तसला हा प्रकार. वर्क प्रोफाइल शटर खाली ओढते. रात्री घड्याळ पाहायला फोन हातात घेतला, चॅटचे चिन्ह समोर दिसले, अंगठा आपसूक तिकडे गेला आणि वरिष्ठांचा संदेश वाचला, ‘उद्या सकाळी पाहिलंस तरी चालेल.’ पाठवणाऱ्याने सौजन्यच दाखवलेले असते, पण वाचून झाल्यावर ते उद्यावर राहत नाही. कोणता बग असेल, कोणत्या बदलामुळे आला असेल, परवाच्या डिप्लॉयमेंटशी (नवा कोड चालू सेवेत टाकण्याशी) त्याचा संबंध असेल का, याचे गणित जेवताना मनात सुरू होते. प्रत्येक संदेशाच्या वेळी ‘आता पाहू की नको’ हा निर्णय नव्याने घ्यायला लावणारे साधन माणसाला संध्याकाळभर दमवते. वर्क प्रोफाइलचे खरे मोल असे, की हा निर्णय दिवसातून एकदाच घ्यावा लागतो.

त्याला जोड देणारी एक गोष्ट मी प्रत्येकाला सुचवेन. कामाच्या विभागाला फोनच्या कुलुपापेक्षा वेगळा पासवर्ड ठेवता येतो. काही कंपन्या तशी सक्तीच करतात आणि लोक वैतागतात. पण असा पासवर्ड असला, तर बंद केलेला विभाग पुन्हा उघडताना तो टाकावाच लागतो. अक्षरे, आकडे आणि एखादे चिन्ह असलेला लांबलचक पासवर्ड रात्री अकरा वाजता छोट्या कीबोर्डवर टाकताना, आपण हे का करतो आहोत, असा प्रश्न आपोआप पडतो. ज्याला खरोखर काम आहे तो टाकतो; ज्याचा नुसता हात वळवळत होता, तो फोन ठेवून देतो.

आपोआप चालू-बंद होण्याच्या वेळापत्रकाबद्दल मात्र माझे मत तितकेसे अनुकूल नाही. ज्यांचे कामाचे तास ठरलेले आहेत त्यांच्यासाठी ते उत्तम आहे. पण सॉफ्टवेअरमधील संघ अनेकदा वेगवेगळ्या टाइम झोनमध्ये विखुरलेले असतात. कुणाची स्टँडअप (संघाची रोजची छोटी बैठक) सकाळी लवकर, तर कुणाची दुसऱ्या खंडातील सहकाऱ्यांसोबतची बैठक रात्री, आणि त्या बदल्यात दुपारी दोन तास मोकळे. वार आणि वेळ यांवर चालणाऱ्या वेळापत्रकाला अशी तुकड्यातुकड्यांची दिनचर्या पेलत नाही आणि रजा किंवा सुट्टी तर त्याला कळतच नाही. वेळापत्रकावर विसंबून राहणारा माणूस सुट्टीच्या सकाळीही स्प्रिंटच्या (कामाच्या चालू टप्प्याच्या) चर्चेत ओढला जातो. म्हणून हाताने बटण दाबण्याची सवय अधिक भरवशाची वाटते. शेवटची बैठक संपली, उद्याची कामे दोन ओळींत लिहून ठेवली, लॅपटॉप मिटला आणि बटण दाबले, असा क्रम एकदा अंगवळणी पडला की आठवण ठेवावी लागत नाही.

आता अडचणींकडे वळतो, आणि त्यांतील सर्वांत मोठी म्हणजे ऑन-कॉल, म्हणजे तातडीच्या बिघाडासाठी पाळीने तयार राहणे. ज्यांच्याकडे चालू सेवेची जबाबदारी असते, त्यांना पाळीच्या आठवड्यात रात्री-बेरात्री जागे व्हावे लागते. इशारे देणारे ॲप कामाच्या विभागात असेल आणि विभाग बंद असेल, तर प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरत असलेली चालू सेवा, कोसळल्याचे फोनला कळणारच नाही. वर्क प्रोफाइलमध्ये एखाद्या ॲपपुरती सूट देऊन बाकीची बंद ठेवण्याची सोय या बटणात नाही. सगळी चालू किंवा सगळी बंद. त्यामुळे अनेक जण पाळीच्या आठवड्यात सगळेच चालू ठेवतात आणि इशाऱ्यांची वाट पाहता पाहता नावांच्या निवडीपासून चहापाण्यापर्यंतच्या साऱ्या चर्चा वाचत बसतात. यावर टिकाऊ उपाय एकच दिसला. ऑन-कॉलची बहुतेक साधने ॲपशिवाय थेट फोन कॉल करू शकतात. तो क्रमांक वैयक्तिक बाजूच्या संपर्कांत साठवायचा, त्याला ‘डू नॉट डिस्टर्ब’मधून सूट द्यायची आणि बाकी विभाग निःशंकपणे बंद ठेवायचा. त्यासाठी संघात आधी ठरावे लागते, की खरोखर तातडीचे असेल तर फोन वाजेल आणि फोन वाजला नाही तर उरलेले सगळे सकाळपर्यंत थांबेल. हे तोंडी ठरवून भागत नाही, कारण नव्याने आलेल्या माणसाला ते कुणी सांगत नाही. संघाच्या कागदपत्रांत लिहिलेले असावे.

इथेच या साधनाची मूळ मर्यादाही लक्षात येते. रेघ ओढण्याचे काम ते कर्मचाऱ्यावर सोपवते. पाठवणाऱ्याला आपण काही वावगे केले असे वाटतच नाही, कारण समोरच्याचा विभाग बंद आहे की चालू, याची त्याला खबर नसते. कायद्याने याची उलटी बाजूही पुढे आणली आहे. फ्रान्समध्ये 2017 पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना कामाबाहेरच्या वेळेतील संपर्काबद्दल कामगारांच्या प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात, तर पोर्तुगालने 2021 मध्ये कर्मचाऱ्याला विश्रांतीच्या वेळेत संपर्क न करण्याची जबाबदारी थेट मालकावर टाकली. फोनमधील बटण या दोन्हींची जागा घेऊ शकत नाही. निदान पाठवणाऱ्यांनी संदेश सकाळसाठी लावून ठेवण्याची सोय वापरावी. जीमेलमध्ये ती 2019 पासून आहे.

दुसरी अडचण बारीक आहे, पण रोज डोके उठवणारी आहे. लॅपटॉपवर लॉगिन करताना लागणारे कोड देणारे ऑथेंटिकेटर ॲप अनेक कंपन्या कामाच्या विभागातच बसवतात. म्हणजे सुट्टीच्या दिवशी पगाराची पावती किंवा रजेचा अर्ज पाहायचा झाला, तरी आधी सगळा विभाग उघडावा लागतो आणि कोड हाती येईपर्यंत दोन दिवसांचे साठलेले संदेश पडद्यावर कोसळू लागतात. कॅलेंडरचेही तसेच. उद्या सकाळी पहिली बैठक कितीला आहे, एवढेच पाहायचे असते आणि त्यासाठी पूर्ण दार उघडावे लागते. कामाच्या कॅलेंडरमधील नोंदी वैयक्तिक बाजूला दाखवण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आहे, पण ती देणे न देणे कंपनीच्या हातात असते. मी तर निघण्याआधी उद्याच्या पहिल्या बैठकीची वेळ कागदावर लिहून ठेवतो; यात तंत्रज्ञान काही नाही, पण चालते.

तिसऱ्या ठिकाणी हे साधन पूर्णपणे हात टेकते. संघातील निम्मी बोलणी वैयक्तिक क्रमांकावरच्या व्हॉट्सॲप गटात होत असतील, तर कामाचा विभाग बंद करून काय उपयोग? तो गट आई-वडिलांच्या आणि मित्रांच्या गटांशेजारीच बसलेला असतो. दुसरा क्रमांक असेल तर कामाच्या विभागात व्हॉट्सॲपची वेगळी प्रत टाकता येते. एरवी कामाचे बोलणे कंपनीच्या चॅटवरच होईल, असा आग्रह धरण्याशिवाय गत्यंतर नाही.

खासगीपणाबद्दल लोकांच्या मनात बरीच भीती असते आणि ती बव्हंशी अनाठायी आहे. फोन स्वतःचा असेल, तर कंपनीच्या प्रशासकाचा अंमल कामाच्या विभागापुरता चालतो. वैयक्तिक बाजूचे फोटो, संदेश आणि ॲप्स त्याला दिसत नाहीत. फोनचे कुलूप पुरेसे भक्कम असावे, अशी अट तो घालू शकतो आणि नोकरी सुटल्यावर कामाचा विभाग दुरून पुसून टाकू शकतो, पण तसे करताना घरचे फोटो जात नाहीत. फोन कंपनीच्या मालकीचा असेल तर हिशेब निराळा आहे. तिथे कंपनीला बरेच अधिक अधिकार असतात, फोन संपूर्ण पुसता येतो आणि कामाचा विभाग फार दिवस बंद ठेवला तर वैयक्तिक ॲप्सच गोठवण्याचा नियमही लावता येतो. लांब रजेवर जाण्याआधी ही मुदत किती आहे, हे आयटी विभागाला विचारून घ्यावे.

लॅपटॉपचा प्रश्न यातून सुटत नाही, हे वेगळे सांगायला नको. स्वतःच्या हौसेने कोड लिहिणाऱ्यांसाठी मात्र या विभागणीचा एक अनपेक्षित फायदा आहे. कंपनीचे गिटहब (कोड ठेवण्याचे संकेतस्थळ) खाते कामाच्या बाजूला आणि स्वतःच्या मुक्त स्रोत प्रकल्पाचे खाते वैयक्तिक बाजूला ठेवले, तर सुट्टीत स्वतःच्या प्रकल्पाचा पुल रिक्वेस्ट (कोडमधील बदलाचा प्रस्ताव) पाहताना ऑफिसचा रिव्ह्यू डोळ्यांसमोर येत नाही. प्रोग्रॅमिंगची आवड असणे आणि चोवीस तास नोकरीवर असणे या दोन गोष्टींची आपल्या क्षेत्रात फार सहज सरमिसळ होते आणि ती सरमिसळ कंपन्यांना गैरसोयीची नसते.

जे फ्रीलान्स काम करतात किंवा ज्यांची कंपनी वर्क प्रोफाइल देत नाही, त्यांनाही मार्ग आहे. शेल्टर आणि आयलंड या ॲप्सच्या मदतीने कुठल्याही कंपनीशिवाय असा विभाग स्वतः तयार करता येतो. शेल्टरचा तर सोर्स कोडही खुला आहे. फोनमध्ये आधीच कंपनीचा विभाग असेल तर मात्र ती चालणार नाहीत. 2024 च्या अँड्रॉइड 15 मध्ये आलेली प्रायव्हेट स्पेसही या कामी येते. तिला कुलूप लागले की आतील ॲप्स थांबतात, म्हणून सतत नोटिफिकेशन लागणारी ॲप्स तिच्यात ठेवू नयेत, असे तिच्याबद्दल सांगितले जाते. ग्राहकांचे मेल आणि चॅट रात्री थांबवायचे असतील, तर नेमके हेच हवे असते.

पुढच्या आवृत्त्यांत दोन गोष्टी आल्या, तर माझी फारशी तक्रार उरणार नाही. कॅलेंडरमध्ये रजा नोंदवली असेल तर त्या दिवशी विभाग आपोआप बंद राहावा आणि ऑन-कॉलच्या आठवड्यात इशारे देणारे एकच ॲप जागे ठेवून बाकी सगळी करडी करता यावीत. ऑथेंटिकेटरलाही तीच सवलत मिळाली, तर आयटी विभागाकडे जाणाऱ्या तक्रारींत थोडी घट होईल.