भीमाशंकरची जंगलफेरी: शेकरू बघायला गेलो, ताम्हण आठवत आलो

मेअखेरीस आईला घेऊन भीमाशंकरला सकाळची जंगलफेरी केली. माणशी 400 रुपये. सहाला निघायचं ठरलेलं, वाटाड्या पावणेसातला डोळे चोळत आला; एक तारा तिथेच कापला. पण नजर पक्की. उंच शेंड्यावर काटक्या-पानांचं गबाळं दाखवून म्हणाला, "हे घरटं. एकच शेकरू अशी बरीच बांधतं." आणि मग ते दिसलंच! तांबूस पाठ, फिकट पोट, अंगापेक्षा लांब झुबकेदार शेपटी. मागच्या पायांवर उलटं लटकून जांभूळ कुरतडत होतं. बी टपकन आईच्या चष्म्यावर. दोन मिनिटांत पलीकडच्या झाडावर लांब उडी, खेळ खल्लास.

राज्यप्राणी असा भाव खातो. राज्यफूल ताम्हण मात्र पुण्यात आमच्या गेटपाशीच, फुकटात. एप्रिलपासून जांभळंगच्च, चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या पाकळ्या, मधे पिवळे पुंकेसर. खाली रिक्षावाले डुलक्या काढतात, मान वर करून कोणी बघत नाही.

आईचं मत ताम्हणाला. माझं शेकरूलाच. शेवटचा चहा मात्र पाणचट. पाचपैकी साडेतीन. दुर्बीण स्वतःची न्या, त्यांची एक काच धुरकट आहे.