कुकी क्लिकर की ॲडव्हेंचर कॅपिटलिस्ट? आपोआप चालणारं दुकान निवडताना

बेकरी आपली आपण चालत राहावी, आपण अधूनमधून डोकावून एखादी भट्टी वाढवावी आणि पुन्हा कामाला लागावं, असा निवांत खेळ शोधणाऱ्यांपुढे ही दोन नावं हमखास येतात. निवडताना चित्रांकडे फार बघू नका. खेळ बंद केल्यावर दुकानाचं काय होतं, ते आधी बघा.

कुकी क्लिकर हा फ्रेंच प्रोग्रामर ज्युलियन तिएनो यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये एका रात्रीत लिहिलेला खेळ. मोठ्या कुकीवर टिचक्या मारायच्या, १५ कुकी जमल्या की आपोआप टिचक्या मारणारा कर्सर घ्यायचा, १०० जमल्या की कुकी भाजणारी पहिली आजी. पुढे शेत, खाण, कारखाना. दर खरेदीला त्याच वस्तूची किंमत १५ टक्क्यांनी चढते, आणि खरी गंमत तिथेच आहे. आजी १००, ११५, १३३, १५३ अशा महागत जातात, पण प्रत्येकीकडून सेकंदाला मिळते एकच कुकी. शेत १,१०० ला पडतं आणि सेकंदाला ८ कुकी देतं, म्हणजे साधारण १३८ सेकंदांत वसूल. त्यामुळे तिसऱ्या आजीपर्यंत आजीच परवडते, चौथीच्या वेळी मात्र शेतासाठी थांबलेलं बरं. अशी छोटी गणितं सतत मिळत राहतात. मला तरी दिवसभराच्या कटकटीनंतर यानेच शांत वाटतं.

पण टॅब बंद केला की भट्ट्याही थंड. काही लाख कोटी कुकी भाजून नव्याने सुरुवात केली आणि ठरावीक अपग्रेड घेतलं, तरच बंद असताना उत्पादन होतं. तेही सुरुवातीला ५ टक्के वेगाने आणि तासाभरानंतर आणखी घटून. शिवाय मधूनच सोनेरी कुकी उगवते आणि टिपली नाही तर १३ सेकंदांत विरते. तिच्या मागे लागलात तर निवांतपणा गेलाच. खुशाल सुटू द्या. आजींना भेसूर करणारं एक संशोधनही पुढे येतं. खेळ आधी इशारा देतो. मुलं सोबत खेळत असतील तर ते घेऊ नका.

ॲडव्हेंचर कॅपिटलिस्ट हा हायपर हिप्पो या कॅनडातल्या कंपनीचा. सुरुवात लिंबू सरबताच्या गाड्यापासून. बेकरीच्या जवळ जाणारं म्हणजे १,०३,६८० डॉलरचं डोनटचं दुकान, बस. १,००० डॉलर देऊन सरबताच्या गाड्यावर मॅनेजर नेमला की तो धंदा तुमच्याशिवाय चालतो, फोन खिशात असतानाही. सकाळी उघडलं की रात्रभराची कमाई तयार. मात्र नफा दुप्पट करायला जाहिराती बघा, खऱ्या पैशांनी सोन्याच्या विटा घ्या, असा आग्रह सुरू असतो. फुकट खेळणाऱ्याला तो टोचतो.

संगणकावर बसून काम करणाऱ्याने बेधडक कुकी क्लिकर घ्यावा. लोकलमध्ये दोन मिनिटं मिळतात तेवढीच, तर दुसरा.

कुकी क्लिकर ब्राउझरमध्ये फुकट आहे. स्टीम या संगणकावरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात २०२१ पासून विकत मिळतो. तिथे सी४१८ या संगीतकाराचं संगीत आणि क्लाउडवर सेव्हची सोय आहे. फुकटचा खेळणार असाल तर पर्यायांत जाऊन सेव्हचा मजकूर कॉपी करून कुठेतरी जपून ठेवत जा. ब्राउझरचा डेटा साफ केला की सगळी बेकरी जाते.